‘चीटिंग’ची कैफियत

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या आळीतली मुले किल्ल्यांच्या उद्योगाला लागतात. मी शाळेत चित्रकला शिकवते. तेव्हा ‘बाईंना किल्ल्यातले कळते’ असा एक समज आळीत रूढ झाला आहे, आणि किल्ल्यांना नंबर देण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येते. बक्षीस म्हणजे एक रंगपेटी. तीही मीच आणावयाची! तरीसुद्धा हा मान मला सोडवत नाही.

गेल्या वर्षी चार किल्ले झाले होते. तीन दगडविटा रचून, वर गोणपाट टाकून, चिखल थापून उभे केलेले; तटाला तडे गेलेले, हळीव एका अंगाला उगवलेले आणि दुसऱ्या अंगाला रुसलेले. चौथा मात्र कसा रेखीव! बुरूज सारखे, दरवाजा कमानदार, पायऱ्या एकीसारखी एक. जवळ जाऊन बोट लावले तेव्हा कळले, की हा बाजारात मिळणारा प्लास्टरचा तयार किल्ला आहे आणि त्यावर मातीचा एक पातळ हात फिरवलेला आहे. मी काही बोलणार तोच मागे उभी असलेली पलटण ओरडली, “बाई, चीटिंग! ह्यानं चीटिंग केली!”

मी मराठी शाळेतली शिक्षिका. त्यातून चार कादंबऱ्या लिहून बसलेली. खरे सांगायचे तर त्या मुलापेक्षा मला त्या शब्दाचाच राग आधी आला. मी म्हटले, “चीटिंग म्हणजे काय? मराठीत सांगा बरं.”

पाचवीतली एक चुणचुणीत मुलगी पुढे झाली. “ह्यानं फसवलं,” ती म्हणाली आणि लगेच तिने आपणच मान हलवली. “नाही पण. आम्हाला कुठं फसवलं? ह्याचे बाबा किल्ला घेऊन आले तेव्हा आम्ही इथंच होतो.”

“मग खोटं बोलला का?”

“बोललाच नाही काही.”

“लबाडी केली?”

यावर सगळीच हसली. लबाडी ही धाकट्या भावंडांनी करावयाची आणि आजीने कौतुकाने सांगावयाची गोष्ट असते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

“रडी खाल्ली?”

“ती खेळात, बाई! आऊट झाल्यावर.” शेवटी कंटाळून ती म्हणाली, “चीटिंगच केली, बाई. दुसरं काय म्हणणार?”

मला उत्तर सुचले नाही. रंगपेटीचा निकाल मी दुसऱ्या दिवसावर ढकलला आणि घरी आले. पण त्या मुलीचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. वर्षभर तो मनात घोळत राहिला, आणि हा लेख म्हणजे तिला दिलेले उशिराचे उत्तर आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका. भाषाशास्त्राचा अधिकार मला नाही. पण कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला शब्द रोज निवडावे लागतात, आणि रोज भाजी निवडणाऱ्या बाईला जशी कोणत्या पानामागे अळी आहे ते कळू लागते, तेवढे मलाही कळू लागले आहे.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की आपण हा शब्द उचलला खरा, पण जसाच्या तसा उचलला नाही. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्या मुलाला इंग्रज ‘चीटिंग’ करतो म्हणेल. आपण तेथे ‘कॉपी’ म्हणतो. ‘कॉपीमुक्त अभियान’ अशा पाट्याही लावतो. (मौज अशी की माझ्या तासाला मुलांना चित्र समोर ठेवून ‘कॉपी करा’ असे सांगितले जाते आणि पुढच्या तासाला ‘कॉपी करू नका’ असे बजावले जाते. मुले ते निमूटपणे सोसतात.) दुधात पाणी घातले तर ती भेसळ. दुसऱ्याचे नाव घेऊन वावरणारा तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला, आणि त्यावर न. चिं. केळकरांनी नाटक लिहिले, तेव्हापासून तर तो शब्द आपल्या घरचाच झाला. शत्रूला चकवले तर तो कावा, आणि त्याचा आपल्याला अभिमान. विश्वासाच्या माणसाला चकवले तर तो दगा, आणि त्याची आपल्याला घृणा. एवढा बारकावा ज्या भाषेत आहे, तिला उसन्या शब्दाची गरज पडावी कशाला?

तरी गरज पडली. पत्त्यांच्या डावात पडते, गल्लीतल्या क्रिकेटात पडते, डब्यातली शेवटची करंजी कुणी गुपचूप संपवली तर घरातही पडते. या सर्व जागा पाहिल्या तर एक समान धागा दिसतो. येथे कुणाच्या डोळ्यांत धूळ गेलेली नसते. सगळ्यांनी मिळून एक नियम मानलेला असतो, कधी बोलून तर कधी न बोलता, आणि एकाने तो स्वतःपुरता बाजूला ठेवलेला असतो. किल्ला हाताने करावयाचा, हे आमच्या आळीत कुणी कागदावर लिहिलेले नाही. पण ते सगळ्यांना माहीत होते आणि त्या मुलालाही माहीत होते. नाही तर त्याने वर माती कशाला फासली असती? तेव्हा ‘फसवणूक’ या शब्दाला जी जागा भरता येत नव्हती, ती या शब्दाने भरली. मुलांनी तो उगाच उचललेला नाही.

या शब्दाचे मूळ शोधू गेले तेव्हा तर मी थक्कच झाले. ‘चीट’ हा शब्द इंग्रजीत फसवणुकीचा म्हणून जन्मलाच नाही. तो आला ‘एस्चीट’ या कायद्याच्या शब्दातून. जुन्या सरंजामी इंग्लंडात एखादा जमीनधारक वारसावाचून मेला, तर त्याची जमीन वरच्या सरदाराकडे किंवा राजाकडे परत जाई. या परत जाण्याला ‘एस्चीट’ म्हणत. ती ताब्यात घेण्यासाठी राजाचे अधिकारी असत. त्यांच्या नावाचा लोकांनी उच्चारात लचका तोडला आणि ते झाले ‘चीटर’. या मंडळींनी आपल्या कामात इतका हात मारला, की वारस असतानाही जमीन बेवारस ठरावी, असा लोकांना अनुभव येऊ लागला. हळूहळू हुद्द्याचे नाव हीच शिवी झाली. शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या नाटकात फॉल्स्टाफ या शब्दाच्या दोन्ही अर्थांवर कोटी करतो. म्हणजे त्या काळी जुना अर्थ अजून लोकांच्या कानात होता.

मी राहते ते गाव सातारा जिल्ह्यातले. त्यामुळे हे वाचताना माझे मन साहजिकच इंग्लंडातून घरी आले. 1848 साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब वारले. त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि राज्य कंपनीकडे ‘परत’ घेतले. पुढे 1854 मध्ये नागपूर आणि झाशी या राज्यांची हीच गत झाली. दत्तक हा आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे वारसच. पण तो वारस नाही असे ठरवण्याचा अधिकार, ज्याला मालमत्ता मिळावयाची त्यानेच स्वतःकडे घेतला होता. इंग्लंडात ज्या प्रकारावरून ‘चीट’ हा शब्द निघाला, तोच हा प्रकार! आम्ही त्याला काय म्हटले? ‘राज्य खालसा झाले.’ झाले! जणू पाऊस झाला, तसे. कुणी केले, ते त्या वाक्यात नाही. इंग्लंडातल्या कुळांनी जुलमी अधिकाऱ्याच्या हुद्द्याची शिवी केली. आम्ही जुलमी कारभारालाही दफ्तरातला सभ्य शब्द वापरत राहिलो. या फरकाकडे वाचकांनी जरा लक्ष ठेवावे. मला पुढे त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

देवाणघेवाण मात्र एकतर्फी झालेली नाही. आपला ‘ठक’ आणि हिंदीतला ‘ठग’ हे एकाच संस्कृत मुळाचे, लपवणाऱ्या माणसाचे वाचक शब्द. 1830 नंतर स्लीमनने ठगांचा बंदोबस्त केला, 1839 मध्ये मेडोज टेलरने एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली आणि ‘ठग’ इंग्रजीत कायमचा राहावयास गेला. तिकडे गेल्यावर त्याची फसवण्याची कला सुटली आणि तो नुसता दांडगा गुंड झाला. आमच्या ठकाने मात्र आपली हुशारी सोडलेली नाही. ‘ठकास महाठक’ म्हणताना आपण अजून बुद्धीचाच सामना डोळ्यांपुढे आणतो.

आता कायदा काय म्हणतो तेही पाहू. 1860 च्या भारतीय दंडविधानात 415 वे कलम ‘चीटिंग’ची व्याख्या करीत होते, मराठी तर्जुम्यात तिला ‘ठकवणूक’ म्हटलेले सापडते. कुणाला भुलवून त्याच्याकडून मालमत्ता काढून घेणे, किंवा एरवी त्याने केले नसते असे काही त्याच्याकडून करवणे, आणि त्यामुळे त्याच्या शरीराला, मनाला, लौकिकाला किंवा मालमत्तेला अपाय होणे, असा तिचा गाभा. पुढचे 420 वे कलम तर कायद्याच्या पुस्तकातून निसटून बाजारात आले. 1955 मध्ये राज कपूरचा ‘श्री 420’ आला आणि ज्याला कायद्याचे एक अक्षर ठाऊक नाही तोही शेजाऱ्याला ‘चारसोबीस’ म्हणू लागला. 1 जुलै 2024 पासून नवी न्यायसंहिता लागू झाली आणि हा गुन्हा आता 318 व्या कलमात जाऊन बसला आहे. पण ‘तो माणूस अगदी तीनशे अठरा आहे हो’ असे म्हणताना मी अजून कुणाला ऐकले नाही. आकडा रद्द झाला. शब्द काही सरकारला रद्द करता आला नाही.

जुन्या 415 व्या कलमाखाली समजुतीसाठी उदाहरणे दिलेली होती. त्यातले एक मला फार आवडते. एक मनुष्य दुसऱ्याला सांगतो, की मी तुला अमुक इतकी नीळ देईन, आणि आगाऊ पैसे घेतो. पैसे घेताना नीळ द्यावयाचीच नाही असे त्याच्या मनात असेल, तर त्याने ठकवले. पण घेताना द्यावयाची मनात होती आणि मागाहून दिली नाही, तर त्याने करार मोडला, ठकवले नाही. पैसे त्याचेही बुडाले आणि ह्याचेही बुडाले. पण कायदा पैशाकडे पाहण्यापूर्वी हात पुढे करणाऱ्याच्या मनाकडे पाहतो. हे सूक्ष्म पाहणे आपल्या बोलण्यात किती असते? शब्द पाळला न गेलेल्या प्रत्येक माणसाला आपण एकाच दावणीला बांधतो. लग्नाची बोलणी मोडली, की फसवले. शिंप्याने दिवाळीला कपडे दिले नाहीत, की फसवले. आणि ज्याने खरोखर मनात पाप ठेवून हात पुढे केला, त्याच्यासाठी मग आपल्याजवळ वेगळा शब्द उरत नाही.

उरत नाही, असे म्हटले. पण आपल्याकडे म्हणींचे आणि वाक्प्रचारांचे केवढे भांडार आहे, असे कुणी म्हणेल. आहे खरे. एकदा मी ते सगळे कागदावर मांडले. टोपी घालणे. शेंडी लावणे. तोंडाला पाने पुसणे. डोळ्यांत धूळ फेकणे. हातावर तुरी देणे. केसाने गळा कापणे. चित्र काढण्याची सवय असल्यामुळे त्या कागदावर माझ्या हातून नकळत एक माणूस उमटू लागला. त्याचे डोके आले, शेंडी आली, डोळे आले, तोंड आले, गळा आला, हात आला. सबंध माणूस तयार झाला. आणि तो होता फसलेला माणूस! फसवणाऱ्याचा एक अवयवही या भांडारात मला सापडेना. फार तर हातचलाखीत त्याचा हात तेवढा दिसतो, आणि तोही कौतुकाने. जो लुबाडला गेला त्याला मामा म्हणावयाचे, गंडला म्हणावयाचे, त्याच्या शेंडीला आणि टोपीला हसावयाचे. आणि ज्याने हे केले तो मात्र वाक्याच्या पडद्यामागे सुखरूप.

आजचे वर्तमानपत्र उघडले तरी तेच. ‘वृद्धेला लाखोंचा गंडा.’ ‘निवृत्त शिक्षकाची फसवणूक.’ मथळ्यात वृद्धा आहे, शिक्षक आहे, रक्कम आहे. ज्याने केले तो कुठे आहे? आत, चौथ्या ओळीत, ‘एक भामटा’. आपल्या नित्याच्या बोलण्यात तर ‘त्याने मला फसवले’ हे वाक्य फार थोडे ऐकू येते. लोक म्हणतात, ‘मी फसलो.’ ‘माझी फसगत झाली.’ ‘फसवणे’ हे क्रियापद भाषेत आहे, व्याकरणात त्याला कर्ताही आहे. पण बोलणारा तो कर्ता गिळतो आणि स्वतः वाक्याच्या पुढच्या पाटावर जाऊन बसतो. ‘राज्य खालसा झाले’ या वाक्याकडे लक्ष ठेवा म्हटले होते, ते याचसाठी. सवय जुनी आहे.

आम्हा लिहिणाऱ्यांचे तरी काय? या बाबतीत आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकाइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही. 1962 साली ते रंगभूमीवर आले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. एकामागून एक साक्षीदार येतात. फिरत्या रंगमंचावर मागची हकीकत दिसू लागते. आणि हाच मनुष्य कधी दिवाकर दातार, कधी कॅप्टन अशोक परांजपे, कधी राधेश्याम महाराज होऊन बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना कसा लुबाडीत गेला ते उलगडते. प्रभाकर पणशीकरांनी ही भूमिका आपल्या आयुष्याची करून टाकली.

मी ते नाटक तरुणपणी माझ्या आत्याबरोबर पाहिले. पणशीकर एका वेशातून दुसऱ्या वेशात गेले, की टाळ्यांचा कडकडाट होई. आत्या हसून हसून डोळे पुसत होती. मीही हसत होते. घरी येताना आम्ही दोघी त्या लखोबाबद्दलच बोलत होतो. त्या फसलेल्या बायकांबद्दल एक वाक्यही आमच्या तोंडून निघाले नाही. फार तर आत्या एवढेच म्हणाली, “काय बाई भोळसट तरी! कळू नये का एवढं?”

यात अत्र्यांचा दोष नाही, असे आता मला वाटते. त्यांनी प्रसंगाची मांडणी मुद्दाम न्यायालयात केली आहे. न्यायालयात फसलेल्याला बोलावयाची जागा असते आणि ज्याने केले त्याला पिंजऱ्यात उभे राहावे लागते. आपल्या म्हणींत जो पडद्यामागे राहतो, त्याला अत्र्यांनी पडदा वर जाताच समोर उभे केले. इतकेच नव्हे, तर नाटकाचे नावच त्यांनी त्याच्या तोंडचे ठेवले. प्रत्येक फसवणाऱ्याचे सगळे बळ त्या तीन शब्दांत आहे: ‘तो’, ‘मी’, ‘नव्हेच’. मी केलेच नाही. जे झाले ते झाले. नाटककाराने कर्ता पुढे आणला होता. आम्ही प्रेक्षकांनी त्याला टाळ्या देऊन पुन्हा सोडून दिले. नाटक पाहण्यात आमची चूक झाली.

ती चूक मला कळली ती फार उशिरा, आणि कळली तीही आत्यामुळेच.

आत्या एकटी. ब्लाउज शिवून शिवून तिने पैसा जमवला होता. आमच्याच आळीत येणाजाणारा एक मनुष्य ठेवी गोळा करी. पाच वर्षांत दामदुप्पट. तो तिला ‘आत्या’च म्हणे, दिवाळीला तिच्या हातची चकली खाऊन जाई, पावती पुस्तकावर सही सुबक करी. दीड लाख रुपये तिने त्याच्या हाती दिले. एके दिवशी त्या कार्यालयाला कुलूप दिसले आणि मनुष्य नाहीसा झाला. आत्याने आठ दिवस कुणाला सांगितले नाही. सांगितले तेही अपराध्यासारखे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहून: “मी फसले गं.”

घरातले लोक वाईट नव्हते. पण जो आला तो तिलाच विचारी: “कागद वाचला नव्हतास का?” “इतकं व्याज कुणी देतं का?” “आम्हाला एका शब्दानं विचारायचं तरी!” ज्याने पैसे नेले त्याच्याबद्दल कुणी काही विचारीना. प्रत्येक प्रश्नासरशी आत्याची मान थोडी थोडी खाली जात होती. महिनाभर ती मशीनवर बसली नाही. “ज्या बाईला स्वतःचे पैसे राखता येत नाहीत, तिच्याकडे कुणी कापड टाकील का?” असे ती म्हणाली, तेव्हा तिचे काय काय गेले होते ते मला दिसले. कायद्याच्या व्याख्येतले ‘मनाला आणि लौकिकाला अपाय’ हे शब्द मी फार पुढे वाचले; पण त्यांचा अर्थ मी आधी तिच्या तोंडावर पाहिला होता.

शेवटी तिला घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. हवालदार मध्यम वयाचे, बोलायला बेताचे. आत्याने सुरुवात केली, “साहेब, माझी चूक झाली, मी फसले.” त्यांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, “आजी, तुमची चूक लिहून घ्यायला मी बसलेलो नाही. पैसे कुणी घेतले? घेताना काय सांगून घेतले? तेवढं सांगा.” मग तिने सांगितले आणि त्यांनी लिहून घेतले. महाराष्ट्रात 1999 पासून ठेवीदारांच्या रक्षणाचा वेगळा कायदा आहे, त्याचीही त्यांनी माहिती दिली. निघताना आत्याने भीत भीत विचारले, “काय केस म्हणायची ही?” ते म्हणाले, “चीटिंगची. त्यानं तुमच्याशी चीटिंग केली.”

परतताना एस.टी.त खिडकीशी बसून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे चीटिंग त्यानं केली.” तिने आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द उच्चारला असावा, ‘ची’वर जरा जास्तच जोर पडला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “त्या नाटकात आपण त्या बायकांना हसलो होतो, नाही का गं?”

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

पैसे अजून मिळालेले नाहीत. प्रकरण चालू आहे. पण दुसऱ्या आठवड्यात आत्या मशीनवर बसली. कुणी विचारले, तर ती आता ‘मी फसले’ म्हणत नाही. ‘त्यानं चीटिंग केली,’ असे ठणकावून सांगते, आणि त्या माणसाचे नावही घेते. घरातले एकदोन जण तिच्या या इंग्रजीला हसतात. मी हसत नाही.

तर हे माझे त्या पाचवीतल्या मुलीला उत्तर. मराठीत शब्द नव्हता असे नाही. ‘फसवणे’ होते, ‘ठकवणे’ होते, ‘दगा’ होता. पण आपण त्यांची धार आपल्याच हाताने बोथट केली. आपण फसलेल्याला हसत राहिलो, फसवणाऱ्याचे कौतुक करीत राहिलो, आणि मग एक दिवस आपल्या मुलांना कुणाकडे तरी बोट दाखवावयाचे होते, तेव्हा त्यांना परक्या शब्दाचे बोट धरावे लागले. परका शब्द हाकलून ही उणीव भरून येणार नाही. ‘मी फसलो’ म्हणणाऱ्या माणसाला ‘कुणी फसवलं?’ असे आपण आधी विचारू लागलो, तर आपलेच शब्द पुन्हा कामाला येतील. माझ्या पुढच्या कादंबरीपुरता तरी मी तसा नियम केला आहे. फसवणाऱ्याला मी चांगली वाक्ये देणार नाही असे नव्हे. पण फसलेल्याला निदान तितकीच देईन.

या शब्दाबाबत मात्र एक तक्रार मी मागे घेणार नाही. ‘चीटिंग’ हे एका कृत्याचे नाव आहे. खेळात झाली, ओरडा झाला, डाव पुन्हा मांडला, की ते संपावे. मुले त्याचे ‘चीटर’ करतात आणि ते कृत्य माणसाला चिकटून बसते. वर्गात एका मुलाने चित्र छापून काढले असे समजून मीही एकदा हा शब्द सर्वांदेखत वापरला होता. त्याने ते हातानेच काढले होते, हे मला मागाहून कळले. मी त्याची माफी मागितली. पण वर्गाने ते नाव वर्षभर सोडले नाही. पैसे घेताना मनात पाप असलेला मनुष्य वेगळा, आणि बाबांनी आणून दिलेल्या किल्ल्यावर लाजेने माती फासणारे मूल वेगळे. निळीच्या उदाहरणात कायदा मनाकडे पाहतो. शिक्षकाने तर पाहिलेच पाहिजे.

किल्ल्याचा निकाल सांगावयाचा राहिला. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तो मुलगा प्लास्टरचा किल्ला बाजूला ठेवून विटा रचीत बसला होता. त्याला दगड आणून देणाऱ्यांत आदल्या दिवशी सर्वांत मोठ्याने ओरडलेली तीच मुलगी होती. बुरूज तिरका झाला होता. मी विचारले, तर ती म्हणाली, “बाई, ह्याला येत नव्हता म्हणून ह्यानं विकतचा आणला. आधी सांगायचं ना!”

रंगपेटी त्या वर्षी चौघांत वाटून दिली. यंदाही आणली आहे.